वाळवंटातलं इवलंसं पांढरं फूल : हे नक्की कोणतं?

पाऊलवाट – १९ मार्च २०२३, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. काल आईला घेऊन जोशुआ ट्री नॅशनल पार्कला गेलो होतो. आई जानेवारीत साताऱ्याहून आली आहे, एप्रिलमध्ये परत जाईल. यंदा दक्षिण कॅलिफोर्नियात हिवाळाभर पाऊस झाला, वाळवंट फुललंय असं सगळीकडून कानावर येत होतं. दक्षिणेकडच्या फाटकाने आत शिरलो आणि कॉटनवूडच्या पुढे, पिंटो बेसिनकडे उतरताना एका ठिकाणी गाडी बाजूला घेतली. शेजारीच कोरडा ओढा होता. वाळू, बारीक खडी, मधूनमधून क्रिओसोटची झुडपं.

बाकी सगळे वर बघत होते. पिवळीजर्द ब्रिटलबुश, जांभळे ल्युपिन. आईचे गुडघे दुखतात, त्यामुळे ती पाऊल कुठे पडतंय ते बघत चालते. तिनेच हाक मारली, "अगं इकडे ये, पण पाय जपून टाक."

खडीत ताटलीएवढी, काही तर बशीएवढी, जमिनीला चिकटलेली रोपटी होती आणि त्यांच्यावर पांढरी फुलं. मध्ये पिवळी टिकली, भोवती पांढऱ्या पाकळ्या. काही रोपटी इतकी लहान की एक फूल म्हणजेच अख्खं रोप. आई म्हणाली, "ही तर आपल्या दगडी पाल्याची बहीण दिसते." मला तिचं म्हणणं फार आवडलं, पण दगडी पाला असा जमिनीवर बसत नाही, त्याची दांडी लांब असते.

फोटो १ : वरून काढलेला, शेजारी क्वार्टरचं नाणं.
फोटो २ : थोड्या अंतरावरचं दुसरं रोप, हेही वरूनच.
फोटो ३ : सगळा ताटवा.

अ‍ॅपमध्ये टाकले तर तीन फोटोंना तीन नावं आली. त्यातलं एक युरोपातल्या हिरवळीवरच्या डेझीचं होतं, ते तर नक्कीच नाही. आईला परत जायच्या आधी नाव सांगायचंय. ती तिच्या वहीत लिहून ठेवते. कासच्या पठारावरची फुलंही तिच्याकडे अशीच तारखेनिशी लिहिलेली आहेत. कुणी मदत कराल का?

काटेसावर – १९ मार्च, रात्री १०:०२

मोनोप्टिलॉन. इथले लोक डेझर्ट स्टार म्हणतात. डोळे मिटून सांगतो.

वनस्पतीवेडा – १९ मार्च, रात्री १०:३५

काटेसावर, डोळे उघडे ठेवून बघू या. :)

पाऊलवाट, फोटो सुंदर आहेत, पण तिन्ही वरून काढलेले आहेत. सूर्यफुलाच्या कुळात वरून बघून ओळखायला जाणं म्हणजे फेट्यावरून माणूस ओळखण्यासारखं आहे. पांढरी झालर आणि पिवळी टिकली असलेल्या शेकडो जाती सापडतील. ओळख लागते ती खालून, बाजूने आणि पानांवरून.

नवीन वाचणाऱ्यांसाठी थोडं सांगतो. ज्याला आपण एक फूल म्हणतो तो फुलांचा गुच्छ असतो, त्याला स्तबक म्हणतात. बाहेरची प्रत्येक 'पाकळी' हे एक स्वतंत्र फूल, किरणपुष्पक. मधल्या पिवळ्या टिकलीतला प्रत्येक ठिपका हेही स्वतंत्र फूल, बिंबपुष्पक. या सगळ्यांना खालून एका वाटीत धरलेलं असतं. ती वाटी हिरव्या छदांची, म्हणजे बारीक पानांसारख्या पात्यांची, बनते. ती वाटी, तिच्यावरची लव आणि प्रत्येक बीच्या डोक्यावर असतो तो तुरा, म्हणजे पिच्छसंदल, या तिन्हींवर या कुळातली अर्धी भांडणं मिटतात.

तुमच्याकडून चार गोष्टी हव्यात :
एक, किरणपुष्पकं मोजा. दोन, पानावरची लव राठ केसांसारखी आहे की कापसासारखी? तीन, फूल पानांच्या मध्ये बसलंय की वेगळ्या दांडीवर उभं आहे? चार, पाकळीचं टोक सरळ आहे की खाचा पडलेल्या आहेत?

गुलबक्षी – १९ मार्च, रात्री ११:१०

छान धागा! वाचनखूण साठवली.

अवांतर : अशा जमिनीलगतच्या फुलांना तिथले लोक बेली फ्लॉवर म्हणतात, कारण ती बघायला पोटावर झोपावं लागतं. आपण 'पोटफुलं' म्हणू या का?

दिंडीतला_टाळकरी – १९ मार्च, रात्री ११:२५

साष्टांग दंडवत घालून दर्शन घ्यायची फुलं. 'दंडवतफुलं' जास्त शोभेल.

गुलबक्षी – १९ मार्च, रात्री ११:२८

दंडवतफुलं! मान्य. माझं मत मागे घेते.

फिनिक्सवासी – २० मार्च, सकाळी ७:५०

मला हे ब्लॅकफूट डेझी वाटतंय. आमच्या भागात टेकड्यांवर भरपूर असते, माझ्या दारातही लावली आहे. पांढऱ्या पाकळ्या, पिवळं केंद्र, उन्हाला अजिबात दाद देत नाही. नाहीतर डेझर्ट झिनिया. दोन्ही सूर्यफुलाच्याच कुळातल्या.

वनस्पतीवेडा – २० मार्च, सकाळी ९:१५

फिनिक्सवासी, दोन्ही शक्यता मांडल्यात ते बरं केलंत, म्हणजे त्या खोडून पुढे जाता येईल.

ब्लॅकफूट डेझी बहुवर्षायू आहे. बुडाशी लाकडासारखी होते, वीतभर किंवा त्याहून उंच झुपका होतो. चुनखडीच्या जमिनीवर तिचं विशेष प्रेम. अ‍ॅरिझोनापासून पूर्वेला टेक्सासपर्यंत ती रानात सापडते, जोशुआ ट्रीच्या बाजूला नाही. नावातला 'काळा पाय' म्हणजे बीला कवटाळून बसलेला छद. तो वाळल्यावर काळा पडतो आणि पावलासारखा दिसतो.

डेझर्ट झिनियाला किरणपुष्पकं अगदी मोजकी, चार ते सात, आणि रुंद. वाळल्यावरही ती कागदासारखी फुलावरच राहतात. तेही काटकुळं बहुवर्षायू झुडूप.

फोटो १ मधलं रोप एका पावसाळ्याचं पाहुणं आहे हे नक्की. नाण्याशेजारी बघा. क्वार्टर साधारण २४ मिलिमीटरचं असतं, त्याच्या मानाने फूल थोडंसंच लहान आहे. म्हणजे २ सेंटिमीटरच्या आसपास.

बांधावरचा – २० मार्च, सकाळी १०:४०

मी सोलापूरकडचा, वाळवंट पाहिलेलं नाही. पण वनस्पतीवेडा यांनी सांगितलेलं शेतातल्या माणसाला लगेच पटेल. आमच्याकडे या कुळाचे तिन्ही नमुने बांधावरच आहेत.

सूर्यफूल : बाहेर झालर, आत टिकली. दाणे भरतात ते आतल्या टिकलीत, झालर नुसती बोलावण्यापुरती.
करडई : झालर नाहीच, सगळी नळीसारखी बारीक फुलं एकत्र.
पाथरीची भाजी : सगळीच जिभेसारखी फुलं, मध्ये टिकली नाही. पान तोडलं की पांढरा चीक.

नुसत्या एवढ्यावरून कुळातले तीन वाडे वेगळे पडतात. फोटोतलं फूल सूर्यफुलाच्या वाड्यातलं.

आणि चौथा एक भारी नमुना, उंटकटारी. माळावरचा तो काटेरी चेंडू. त्यातल्या प्रत्येक फुलाला स्वतःची वेगळी वाटी असते आणि तशा सगळ्या वाट्या मिळून चेंडू होतो. लहानपणी आम्ही त्याने एकमेकांना मारायचो, आता हातात घेऊन बघत बसतो.

नेवाडाची_वाळू – २० मार्च, दुपारी १२:०५

बांधावरचा, तुमचा प्रतिसाद मला फार आवडला. मी लास व्हेगसजवळ १४ वर्षं राहते आणि दर वसंतात रानात असते. तुमच्या वाड्यांमध्ये इथली पांढरी फुलं बसवून बघते.

पाथरीचा वाडा : डेझर्ट चिकरी. मोठं शुभ्र फूल, मध्ये टिकली नाही, देठ मोडला की चीक. हिची दांडी कमकुवत, म्हणून ती झुडपातून वर येते, त्याच्या फांद्यांचा आधार घेऊन. लांबून वाटतं झुडुपालाच फुलं आली. पहिल्या वर्षी मी फसले होते. तशीच दिसणारी टॅकस्टेम. तिच्या वरच्या देठावर टाचणीच्या डोक्यासारख्या बारीक ग्रंथी असतात, भिंग लावलं की लगेच ओळखू येते. आणि माझी सगळ्यात लाडकी ग्रॅव्हल घोस्ट. तिची पानं जमिनीला चपटी चिकटलेली, रंग खडीसारखाच. दांडी गुडघ्यापर्यंत जाते पण इतकी बारीक की उन्हात दिसतच नाही. पांढरी फुलं हवेत तरंगताना दिसतात. जवळ गेलं की गोड वास येतो.

करडईचा वाडा : पिनकुशन, म्हणजे टाचण्यांची उशी. झालर नाही, पण कडेची फुलं जरा मोठी असतात, त्यामुळे नवख्याला झालरीचा भास होतो.

सूर्यफुलाचा वाडा : इथे खरी गर्दी. डेझर्ट स्टार, व्हाइट वूली डेझी, पांढरी टायडी-टिप्स (हिच्या प्रत्येक पाकळीच्या टोकाला तीन ठळक खाचा, पाऊलवाटच्या आईंचा दगडी पाला इथे आठवावा), खडकांच्या फटीतली रॉक डेझी. फोटोतली पाकळ्यांची टोकं मला साधीच दिसतात, आणि जागा सपाट खडीची आहे. म्हणजे शेवटच्या दोन बाद. उरल्या पहिल्या दोन.

काटेसावर – २० मार्च, दुपारी १२:२०

म्हणजे डोळे मिटूनही बरोबरच होतो.

नेवाडाची_वाळू – २० मार्च, दुपारी १२:३१

अजून निकाल लागलेला नाही, काटेसावर. वूली डेझी भल्याभल्यांना चकवते.

पाऊलवाट – २० मार्च, रात्री ८:१५

सगळ्यांचे खूप आभार! आत्ता ऑफिसातून येऊन मोठ्या पडद्यावर फोटो उघडले. आई शेजारी बसून मोजत होती, मी खुणा करत होते.

फोटो १ : १८ पाकळ्या. दोनदा मोजल्या.
फोटो २ : ९.

आता काय करायचं? एकाच फुलात इतका फरक असतो का? की फोटो २ मधल्या गळून गेल्या असतील?

आकडेमोड – २० मार्च, रात्री ९:००

मला वाटतं दोन्ही मोजण्या चुकल्या असाव्यात. या कुळात ८, १३, २१ असे आकडे वारंवार येतात. ज्याला जग फिबोनाची म्हणतं ती श्रेणी आपल्याकडे हेमचंद्राचार्यांनी ११५० च्या सुमारास मात्रावृत्तांच्या रचना मोजताना मांडली होती. लघू एक मात्रा, गुरू दोन मात्रा, तर अमुक मात्रांच्या ओळी किती प्रकारे रचता येतील? उत्तरं १, २, ३, ५, ८, १३. सूर्यफुलाच्या दाण्यांच्या वळ्या मोजा, हेच आकडे येतात. त्यामुळे ९ चे ८ असतील आणि १८ चे २१, तीन गळालेल्या.

वनस्पतीवेडा – २० मार्च, रात्री ९:४०

हेमचंद्रांची आठवण काढलीत, आनंद झाला. दाण्यांच्या वळ्यांबद्दलही सहमत. पण किरणपुष्पकांच्या बाबतीत तो नियम नाही, कल आहे. रोपाला पाणी कमी पडलं, फूल उशिरा आलं, की आकडा हलतो. आईंनी मोजलेले १८ मी १८ च धरणार. आपल्याला हवा तो आकडा यावा म्हणून निरीक्षण बदलू नये, एवढंच माझं म्हणणं आहे.

आकडेमोड – २० मार्च, रात्री ९:५२

मान्य. आईंची मोजणी अंतिम.

नेवाडाची_वाळू – २० मार्च, रात्री १०:१०

पाऊलवाट, ९ आणि १८ हे दोन्ही आकडे बरोबर असू शकतात. फोटो २ ला नाणं नाहीये. ते फूल लहान होतं का? आणि बाजूने काढलेला एखादा फोटो, व्हिडिओ, काहीही आहे का? आईंच्या फोनमध्ये बघा.

सह्याद्रीतला_मुसाफिर – २१ मार्च, सकाळी ६:३०

थोडा वेगळा मुद्दा, पण बोलतो. "पाय जपून टाक" हे आईंचं वाक्य मला या धाग्यातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. कासला सप्टेंबरात लोक फोटोसाठी ताटव्यात बसतात ते पाहून जीव तुटतो. अमेरिकेत तरी हे होत नसेल ना?

फिनिक्सवासी – २१ मार्च, सकाळी ७:४५

होतं, दादा. २०१९ च्या मार्चमध्ये लेक एल्सिनोरजवळ वॉकर कॅन्यनमध्ये पॉपी फुलल्या होत्या, तेव्हा इतकी गर्दी लोटली की गावाला वाट बंद करावी लागली. पॉपी तरी लांबून दिसते. ही दंडवतफुलं तर पायाखाली गेली तरी कळत नाही. नॅशनल पार्कमध्ये फूल तोडायला बंदी आहे, पण चिरडल्या गेलेल्या रोपाची कुठे नोंद होत नाही.

बांधावरचा – २१ मार्च, सकाळी ९:२०

एकदा चिरडलं तर पुढच्या वर्षी येणार नाही का? एका वर्षाचं रोप म्हणजे बीवरच सगळं.

नेवाडाची_वाळू – २१ मार्च, सकाळी ११:००

बीवरच सगळं, अगदी बरोबर. आणि त्या बीची गोष्ट सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

कॅलटेकमध्ये फ्रिट्स वेंट नावाचे मूळचे डच वनस्पतिशास्त्रज्ञ होते. १९४० च्या दशकात त्यांनी याच भागातल्या वाळवंटी बियांवर काम केलं. वाळवंटातली माती आणून ट्रेमध्ये पसरली आणि पाणी दिलं. थोडं पाणी, काही उगवलं नाही. वरून पावसासारखं २५ मिलिमीटरच्या आसपास पाणी दिलं, तेव्हा रोपं वर आली. मग त्यांनी तीच माती खालून भिजवली. ओल तेवढीच, पण रोपं आली नाहीत.

कारण असं की अनेक बियांच्या सालीत उगवण रोखणारी द्रव्यं असतात. वरून पडणारा पाऊस मातीतून झिरपत खाली जातो आणि ती धुऊन नेतो. शिंतोड्याने ती जात नाहीत. एका सरीने फसून उगवलं आणि पुढे पाणी नाही, तर रोप बी धरायच्या आत मरणार. म्हणून बी जणू पाऊस मोजते. शिवाय उन्हाळी सरीने जाग्या होणाऱ्या बिया वेगळ्या आणि थंडीतल्या पावसाने जाग्या होणाऱ्या वेगळ्या.

सगळ्या बिया एका वर्षी उगवतही नाहीत, काही मागे राहतात. त्यामुळे एक ताटवा चिरडला तर सगळं संपत नाही. पण दर वर्षी बी पडायच्या आधीच चिरडलं तर मातीतली शिल्लक खर्ची पडत जाते, वर भर पडत नाही.

बांधावरचा – २१ मार्च, सकाळी ११:३०

मृगाची पहिली सर पडली की वडील पेरायचे नाहीत. हाताने माती उकरून बघायचे, वीतभर ओल गेली का. गेली तरच पाभर धरायचे. शेजारी हसायचे त्यांना. ही बी वडिलांच्याच विचाराची दिसते.

गुलबक्षी – २१ मार्च, दुपारी १२:१५

बांधावरचा, या प्रतिसादाला नुसतं +१ देऊन भागणार नाही.

सह्याद्रीतला_मुसाफिर – २१ मार्च, दुपारी १:००

चिरडण्याखेरीज दुसरं काही संकट आहे का तिथे? आपल्याकडे गाजरगवताने माळ खाल्ले. तेही सूर्यफुलाच्याच कुळातलं आणि तेही अमेरिका खंडातून आलेलं.

फिनिक्सवासी – २१ मार्च, दुपारी २:१०

आहे. सहारा मस्टर्ड, मोहरीच्या कुळातली. भूमध्य समुद्राच्या आसपासच्या कोरड्या भागातून इथे आली. थंडीच्या पावसाने इतरांच्या आधी उगवते, मोठाली पानं पसरते, ओल पिऊन टाकते. तिच्या सावलीत बोटभर उंचीच्या रोपांचं काय होणार? अंझा-बोरेगो स्टेट पार्कच्या भागात स्वयंसेवक ती हाताने उपटतात. मी दोनदा गेलो आहे. पाठ मोडते, पण उपटलेल्या जागेवर खडीतून बारीक हिरवं दिसलं की बरं वाटतं.

पाऊलवाट – २१ मार्च, रात्री ९:०५

सापडला!! आईच्या फोनमध्ये ४० सेकंदांचा व्हिडिओ आहे. तिने वाळूवर ओढणी टाकली, खाली बसली आणि फोन जमिनीला टेकवून दोन्ही रोपं घेतली. मला पत्ताच नव्हता. त्यातून चार चित्रं काढून डकवते आहे. आम्हाला दोघींना जे दिसलं ते लिहिते.

पहिलं रोप (१८ पाकळ्या) : फुलाला वेगळी दांडी जवळपास नाहीच. पानांचा एक झुबका आहे आणि फूल त्याच्या कुशीत बसलंय, पानं फुलाच्या वाटीला टेकलेली. पानं अरुंद, टोकाकडे जरा रुंद. त्यांच्यावर राठ पांढरे केस, एक एक सुटा दिसतो, दाढीचे खुंट असावेत तसे. वाटीच्या छदांनाही तसेच केस आणि टोकं जांभळट. फांद्या लालसर, मधोमध निघून जमिनीवर चहूबाजूंना पसरलेल्या. दोनतीन पाकळ्यांवर फिकट गुलाबी झाक आहे, वरून काढलेल्या फोटोत ती दिसली नव्हती.

दुसरं रोप (९ पाकळ्या) : फूल लहान, पहिल्याच्या निम्मं असेल. बोटाच्या पेराएवढ्या बारीक लालसर दांडीवर उभं आहे. पानं राखाडी दिसतात. केस सुटे दिसत नाहीत, पिंजलेला कापूस चिकटवल्यासारखं सगळं एकत्र. वाटीवर तर कापूसच कापूस.

आई व्हिडिओत हळूच म्हणते आहे, "ही एक नाही, ह्या दोघी आहेत." मी तेव्हा पलीकडे ल्युपिनचे फोटो काढत होते.

वनस्पतीवेडा – २१ मार्च, रात्री ९:३०

आईंना माझा नमस्कार सांगा.

दोघीच आहेत. पहिली डेझर्ट स्टार, मोनोप्टिलॉन. दुसरी व्हाइट वूली डेझी, एरिओफायलम लॅनोसम (काही याद्यांमध्ये आता अँथेरोपिअस लॅनोसम). एरिओफायलम म्हणजे लोकरपानी आणि लॅनोसम म्हणजेही लोकरीचं. दोनदा लोकर सांगून ठेवली आहे, आणि वरून काढलेल्या फोटोत नेमकी तीच झाकली जाते. तिची किरणपुष्पकं साधारण ५ ते १०, त्यामुळे ९ चपखल बसतात.

दोघींना खडी आवडते, दोघी थंडीच्या पावसावर येतात, दोघी मार्चमध्ये फुलतात. शेजारी शेजारी उगवण्यात नवल नाही. आपण मात्र एका ताटव्याला एक नाव शोधत बसलो. मी पण.

काटेसावर – २१ मार्च, रात्री ९:४१

निम्मा बरोबर, निम्मा चूक. पुढच्या वेळी बाजूचा फोटो मागूनच बोलेन. आईंचं निरीक्षण खरंच मोठं आहे.

दिंडीतला_टाळकरी – २१ मार्च, रात्री ९:५०

ओढणी टाकून खाली बसल्या म्हणजे दंडवत घडलाच की!

नेवाडाची_वाळू – २१ मार्च, रात्री १०:२०

पाऊलवाट, एक विचारते. संध्याकाळी परतताना पुन्हा तिथे थांबला होतात का?

पाऊलवाट – २१ मार्च, रात्री १०:२६

हो! सूर्य कलल्यावर थांबलो. आईला पुन्हा बघायची होती, पण जागाच सापडली नाही. मला वाटलं चुकीच्या वळणावर थांबलो. तुम्हाला कसं कळलं?

नेवाडाची_वाळू – २१ मार्च, रात्री १०:४०

जागा बरोबर असणार. डेझर्ट स्टार रात्रीसाठी मिटते. पाकळ्या वर उचलून एकत्र येतात, आणि मग खडीवर उरतो बारीक जांभळट-हिरवा ठिपका. माझ्याही बाबतीत हे झालंय, दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन बघितलं तर सगळ्या जागच्या जागी. आकाशातल्या चांदण्या उगवायच्या वेळी या मिटतात.

वनस्पतीवेडा – २२ मार्च, सकाळी ८:१०

काल रात्री एक गोष्ट राहिली. मोनोप्टिलॉनच्या दोन जाती आहेत, बेलिऑइड्स आणि बेलिडिफॉर्मी. दोन्ही नावांचा अर्थ 'डेझीसारखी' या अंगाने जातो. बेलिऑइड्सचं आधीचं नाव फार गोड होतं, एरेमिअ‍ॅस्ट्रम, म्हणजे सरळ वाळवंटाचा तारा. एसा ग्रे या अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञांनी दिलेलं. आजचं इंग्रजी नाव त्याच अर्थाचं आहे.

मोनोप्टिलॉन म्हणजे 'एक पीस'. बेलिडिफॉर्मीच्या बीवर बारीकशी वाटी असते आणि तिच्यातून एकच राठ केस निघतो, टोकाला पिसारलेला. रुईच्या म्हातारीला शेकडो तंतू असतात, इथे फक्त एक. बेलिऑइड्सच्या बीवर असे अनेक केस असतात आणि मध्ये आखूड खवले. म्हणजे खात्री करायची तर बी बघावं लागेल.

गुलबक्षी – २२ मार्च, सकाळी ८:४५

म्हणजे एक फूल सोडवून बघायला हवं? तोडायला तर बंदी आहे.

वनस्पतीवेडा – २२ मार्च, सकाळी ९:००

आणि तोडूही नये. व्हिडिओतल्या चौथ्या चित्रात खालच्या डाव्या कोपऱ्यात एक जुनं फूल आहे. त्याची झालर झडली आहे आणि मधली टिकली फाकली आहे. पाऊलवाट, ते मोठं करून टाकता येईल का?

फिनिक्सवासी – २२ मार्च, सकाळी ९:३०

मी म्हणेन मोनोप्टिलॉनवर थांबावं. आईंच्या वहीसाठी तेवढं पुरे आहे. फोनच्या चित्रातून केस मोजणं म्हणजे फारच झालं.

नेवाडाची_वाळू – २२ मार्च, सकाळी १०:१५

मला नाही तसं वाटत. दिसत असेल तर बघावं, नसेल दिसत तर थांबावं. न बघता थांबणं मला पटत नाही.

पाऊलवाट – २२ मार्च, रात्री ८:५०

मोठं केलेलं चित्र टाकलं आहे. धूसर आहे, पण फाकलेल्या टिकलीतल्या एका बीच्या डोक्यावर आम्हाला चार पांढरे केस मोजता आले. त्यामागे आणखी असावेत. एक नक्कीच नाही.

वनस्पतीवेडा – २२ मार्च, रात्री ९:१०

मलाही चार दिसतात, पाचवा असावा. मोनोप्टिलॉन बेलिऑइड्स. माझं समाधान झालं.

नेवाडाची_वाळू – २२ मार्च, रात्री ९:१८

माझंही. पाऊलवाट, थिओडोर पेन फाउंडेशनची रानफुलांची हॉटलाईन दर वसंतात चालू असते, कुठे काय फुललंय ते सांगतात. आई एप्रिलपर्यंत आहेत, तर आणखी एक फेरी होऊ शकेल. या वेळी सकाळी जा, आणि भिंग न्या.

पाऊलवाट – २२ मार्च, रात्री ९:४५

येत्या शनिवारी जायचं ठरलंय. भिंग आजच मागवलं.

आईने वहीत आत्ता लिहिलं, मला दाखवलं, तिला विचारून इथे उतरवते :

"१८ मार्च २०२३. जोशुआ ट्री, पिंटो बेसिनकडे उतरताना, कोरड्या ओढ्याची खडी. दुपार. १) वाळवंटतारा. १८ पाकळ्या. राठ केस, पानात बसलेली. संध्याकाळी मिटते. बीवर केस चार किंवा जास्त. २) लोकरपानी. ९ पाकळ्या. दांडीवर उभी. संध्याकाळी काय करते ते बघायचे राहिले."